पहाटेचे विमान गाठताना

लंडनहून परत आल्यापासून आमच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने 'सर, यंदा तुमचे प्रवासवर्णन हवेच' असा लकडा लावला आहे. थेम्स नदी, तिथली संग्रहालये, तिथला पाऊस यांविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालणे म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी ओतण्यासारखे. पण एका विषयावर मला जाण्यापूर्वी कुठे काही वाचायला मिळाले नव्हते, आणि मिळाले असते तर एका पहाटे माझी जी त्रेधा उडाली ती उडाली नसती. परक्या देशात भल्या पहाटे विमानतळावर वेळेवर कसे पोचावे, हा तो विषय. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातील. त्यांना थेम्सच्या वर्णनापेक्षा याचा उपयोग अधिक होईल, असे मला वाटते.

पहाटेच्या प्रवासाची सवय आम्हा खेड्यातल्या माणसांना लहानपणापासून असते. आमच्या गावात मुक्कामाची एस.टी. असे. रात्री नऊच्या सुमारास ती यायची, देवळापुढे उभी राहायची आणि पहाटे साडेपाचला तालुक्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपत. ज्याला पहाटे जायचे असेल तो रात्रीच कंडक्टरला सांगून ठेवी. एखादी म्हातारी लगबगीने येताना दिसली तर गाडी दोन मिनिटे थांबायची. आई मला कॉलेजला धाडताना दशम्यांचे फडके हातात देऊन म्हणायची, "गाडी गावातच आहे, जाईल कुठं?" पहाटेच्या वाहनाची याहून खात्रीची व्यवस्था मी अजून पाहिलेली नाही. गाडी आपल्याच गावात झोपलेली असे! परदेशात अडचण होते ती नेमकी इथे. तिथे आपल्यासाठी कोणी मुक्कामाला आलेले नसते. आपली मुक्कामाची गाडी आपणच उभी करून ठेवावी लागते.

आता घडले ते सांगतो.

२०२३ च्या मार्च महिन्यात मी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत काही जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी गेलो होतो. हे ग्रंथालय सेंट पँक्रस स्थानकाच्या शेजारीच आहे. त्यामुळे जवळच्या एका गल्लीतल्या लहानशा हॉटेलात मी खोली घेतली होती. काम निम्म्यावर आले असताना शुक्रवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलंय. मिरजेला आणलंय. सोमवारी दुपारी ऑपरेशन आहे. ती तुझीच चौकशी करतेय." आईचे वय ब्याऐंशी. भाऊ पुढे काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

धावपळ करून मिळाले ते तिकीट काढले. रविवार, २६ मार्च, सकाळी सात वाजताचे विमान. मध्ये युरोपात एक विमान बदलायचे आणि रात्री उशिरा मुंबई. तिथून भाऊ गाडी घेऊन येणार होता. हे सगळे जुळले तर सोमवारी दुपारच्या आत मिरज, आणि पहिलेच विमान चुकले तर काहीच नाही.

लंडनच्या नावाने ओळखले जाणारे विमानतळ एकाहून अधिक आहेत. हीथ्रो पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला, ल्यूटन व स्टॅनस्टेड उत्तरेच्या बाजूला. ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की चुकीच्या ठिकाणी गेलेल्या माणसाचे विमान गेलेच म्हणून समजावे. तेव्हा तिकिटावर विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा क्रमांक हे दोन्ही वाचणे ही पहिली पायरी. माझे विमान हीथ्रोच्या दुसऱ्या टर्मिनलवरून होते. हीथ्रोवर दोन आणि तीन ही टर्मिनले शेजारी शेजारी आहेत. चार आणि पाच मात्र दूर आहेत.

दुसरी पायरी म्हणजे उलटे गणित. आपण सहसा 'कितीला उठू?' इथून सुरुवात करतो. सुरुवात विमानापासून करून मागे मागे यावे. माझे विमान सातला. सामान घेणारी खिडकी त्याआधी एक तास, म्हणजे सहाला बंद होणार. ही वेळ प्रत्येक कंपनीची निराळी असते. ती तिकिटाच्या बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि तिच्यात दयामाया नसते. रांगेसाठी एक तास धरला, म्हणजे पोचायचे पाचला. पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने मोटारीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे निघायचे सव्वाचारला. मी मोटार चार वाजून दहा मिनिटांची सांगितली आणि गजर साडेतीनचा लावायचे ठरवले.

तिसरी पायरी वाहनाची निवड. लंडनमध्ये त्या वेळी चार मार्ग असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला भुयारी रेल्वेचा. पिकॅडिली मार्ग थेट हीथ्रोला जातो. सेंट पँक्रसपासून साधारण तासाभरात पोचवतो आणि स्वस्त पडतो. पण ही रेल्वे एरवी मध्यरात्रीनंतर बंद होते ती पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, आणि रविवारी त्याहूनही उशिरा. २०१६ पासून काही मार्गांवर रात्रभर गाड्या धावू लागल्या आणि त्यांत पिकॅडिली आहे. मात्र त्या फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. म्हणजे रविवारी पहाटे जी गाडी मिळते ती सोमवारी पहाटे मिळत नाही! २५ डिसेंबरला तर नाताळ म्हणून लंडनच्या भुयारी गाड्या आणि बसगाड्या दिवसभर बंद असतात. वेळापत्रक पाहताना गाडीच्या वेळेआधी वार आणि तारीख पाहावी ती यासाठी.

दुसरा मार्ग रात्रीच्या बसचा. एन-नऊ क्रमांकाची बस मध्य लंडनमधल्या ऑल्डविचपासून हीथ्रोपर्यंत रात्रभर धावते. सगळ्यांत स्वस्त, पण वेळखाऊ. आणि एक सांगायचे म्हणजे लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. तिथले प्रवासाचे कार्ड किंवा बँकेचे स्पर्श करून चालणारे कार्ड लागते. खिशात नाण्यांची चळत असली तरी कंडक्टर नाही, तिकीट नाही, सुटे नाहीत.

तिसरा मार्ग लंडनच्या प्रसिद्ध काळ्या टॅक्सीचा. ही रस्त्यावर हात करून थांबवता येते आणि तिला मीटर असते. तिचा चालक होण्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. तिला तिथे नुसते 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान' म्हणतात. १८६५ पासून ही परीक्षा चालत आली आहे. चेअरिंग क्रॉस या चौकापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यात तीन-चार वर्षे सहज जातात. आपल्या पदवीइतकाच अभ्यास, पण परीक्षा रस्त्याची.

चौथा मार्ग खाजगी मोटारीचा. ही आधी सांगून ठेवावी लागते. १९९८ च्या कायद्याप्रमाणे अशा मोटारीला परवाना लागतो आणि रस्त्यावरचे गिऱ्हाईक तिला उचलता येत नाही. तेव्हा रात्री-अपरात्री स्थानकाबाहेर कोणी 'विमानतळ? विमानतळ?' म्हणत जवळ आला तर त्याच्या मोटारीत बसू नये. सांगून ठेवलेल्या मोटारीचा फायदा असा की भाडे आधी ठरते आणि गाडी दारात येते. मी हाच मार्ग धरला. शनिवारी दुपारी एका परवानाधारक मोटारवाल्याकडे नोंदणी केली, नाव-पत्ता दिला आणि निश्चिंत झालो. माझ्या समजुतीने माझी मुक्कामाची गाडी दारात उभी होती.

रात्री बॅग भरताना एक छोटी गोष्ट केली. इंग्लंडमध्ये विजेचे प्लग तीन चौकोनी पायांचे असतात. त्यासाठी नेलेला जोडप्लग मी विसरू नये म्हणून आधीच बॅगेच्या तळाशी टाकला होता. फोन अर्ध्यावर आलेला. प्रवासात पुरावा म्हणून तो बंद करून ठेवला आणि गजर लावला तो सोबत नेलेल्या जुन्या किल्लीच्या घड्याळाला. हे घड्याळ गेली तीस वर्षे मला परीक्षेच्या दिवसांत उठवत आले आहे. त्याच्यावर माझा फार विश्वास.

गजर साडेतीनला झाला. चहा न घेता आवरले, चार वाजता सामान घेऊन खाली आलो. लहान हॉटेलात रात्री कोणी जागे नसते. किल्ली पेटीत टाकली आणि दार ओढून घेतले. गल्लीत चिटपाखरू नव्हते. चार वाजून दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. मोटारीचा पत्ता नाही. मोटारवाल्याच्या सात पिढ्यांचा मी मनातल्या मनात उद्धार केला. परक्या देशातल्या म्हाताऱ्या मास्तराला असे फसवावे? डोळ्यांसमोर मिरजेची ती खोली येत होती.

शेवटी बॅग ओढत मोठ्या रस्त्यावर आलो. तिथे एका बड्या हॉटेलच्या दारात रात्रपाळीचा दरवान उभा होता. त्याला म्हटले, "सव्वाचार झाले, माझी चार दहाची मोटार आली नाही." त्याने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या घड्याळाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "सर, सव्वापाच झालेत. काल रात्री घड्याळं पुढं गेली ना."

पायांखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळले.

विलायतेत मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता घड्याळे एक तास पुढे करतात. एकानंतर थेट दोन वाजतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा मागे आणतात. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो. तो उजेड झोपेत वाया जाऊ नये आणि संध्याकाळी हाती यावा, अशी ही युक्ती. विल्यम विलेट नावाच्या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये पुस्तिका काढून तिचा पुरस्कार केला होता. पण ती अमलात आलेली पाहायला तो राहिला नाही. १९१५ मध्ये तो वारला, आणि १९१६ मध्ये महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी आधी जर्मनीने व पाठोपाठ ब्रिटनने ती स्वीकारली. युरोपातल्या बहुतेक देशांत हाच रिवाज आहे. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. जपान आणि चीनमध्ये होत नाही. म्हणून भारत हिवाळ्यात इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेचार तास.

आपल्याला याची सवय नाही. तशी घड्याळाची गंमत आपणही पाहिली आहे. १९०६ मध्ये देशाची एक प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईने १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी आपली 'मुंबई टाइम' सोडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळेही एक तास पुढे केली गेली होती. पण हे आता पुस्तकात. आपल्या पिढीच्या घड्याळाला कोणी हात लावलेला नाही.

आणि खरे सांगायचे तर मला हे कळायला हवे होते. हॉटेलच्या जिन्याजवळ तशी सूचना चिकटवलेली होती. मी ती शनिवारी संध्याकाळी वाचलीही होती. पण ती इथल्या लोकांसाठी आहे, आपण काय पाहुणे, असे काहीसे मनात आले आणि वर गेलो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, नुसते वाचू नका, लावून पाहा. मी स्वतः नुसते वाचले होते.

दरवान भला माणूस. त्याने माझी बॅग उचलली आणि स्थानकाच्या टॅक्सीतळाकडे बोट दाखवले. कपाळावरचा पिवळा दिवा पेटलेला असेल ती काळी टॅक्सी मोकळी. पहिलीच मिळाली. "हीथ्रो" म्हणताच चालकाने विचारले, "कोणते टर्मिनल?" ते मला ठाऊक होते म्हणून चार मिनिटे तरी वाचली. भुयारी गाडी त्या वेळी चालू होती, पण तिला तास लागला असता आणि माझ्याकडे तास उरला नव्हता. टॅक्सीच्या खिडकीतून पूर्व दिशा फिकी होताना दिसत होती आणि समोर मीटर पळत होते. ते शंभर पौंडांच्या जवळ जाऊन थांबले. ठरवलेल्या मोटारीच्या जवळजवळ दुप्पट. मी कार्ड पुढे केले आणि धावलो. सामानाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा सहाला चार मिनिटे कमी होती.

मधल्या विमानतळावर फोन सुरू केला. मोटारवाल्याचा निरोप येऊन पडला होता. चालक बरोबर चार दहाला दारात आला होता. त्याने घंटा वाजवली. मी दिलेल्या नंबरवर दोनदा फोन लावला. तो माझा इथला नंबर होता, आणि फोन तर बंद होता. ठरल्याप्रमाणे पंधरा मिनिटे थांबून तो निघून गेला. भाडे कापले होते. ते योग्यच होते. ज्या माणसाला मी अंधारात उभा राहून शिव्याशाप दिले, तो वेळेवर आला होता. त्या पहाटेच्या सगळ्या व्यवस्थेत बेभरवशाचा माणूस एकच होता आणि तो मी.

या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

खात्रीचे वाहन म्हणजे खात्रीची मोटार नव्हे. आपण, आपले घड्याळ, आपला फोन, दाराची घंटा, मोटार आणि रस्ता अशी ही साखळी आहे. तिच्यातली जी कडी आपण गृहीत धरतो ती तुटते. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक कडी हाताने ओढून पाहावी. घड्याळ त्या गावातल्या घड्याळाशी लावावे. गजर दोन असावेत, एक किल्लीचा आणि एक फोनचा. फोन चालू ठेवावा, आणि मोटारवाल्याला त्या देशात लागेल असाच नंबर द्यावा. रात्री दार कोण उघडते, हे हॉटेलात विचारून ठेवावे.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात, आपल्या मनगटावरच्या नव्हे. रात्री बारानंतरचे विमान असेल तर तारखेकडे नीट पाहावे. २६ तारखेला ००.३० असे छापले असेल तर घरून २५ च्या संध्याकाळी निघायचे असते. यात भलेभले फसतात.

दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवावा, आणि पहिला सोडून तो कितीला धरायचा हेही ठरवावे. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला 'आणखी पाच मिनिटे' हा रोग जडतो. 'अमुक वाजेपर्यंत मोटार आली नाही तर चालू लागायचे' असे कागदावर लिहून खिशात ठेवावे. आणि पहिल्या मार्गापेक्षा दुसरा महाग असेल तर ते पैसेही बाजूला काढून ठेवावेत.

शेवटची गोष्ट. आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या माणसाला विचारावे, 'उद्या पहाटे मला जायचे आहे. उद्याच्या दिवसात काही वेगळे आहे का?' रविवार, सण, संप, रुळांची दुरुस्ती, घड्याळ. पुस्तकात न सापडणारे उत्तर तिथला दरवान देऊ शकतो. आमच्या गावात आम्ही रात्री कंडक्टरला विचारत होतो ते हेच.

सोमवारी अकराच्या सुमारास मी मिरजेच्या इस्पितळात पोचलो. आईला अजून आत नेले नव्हते. पाय वजनाला बांधलेला, चेहरा सुकलेला. मी हात हातात घेतला तेव्हा तिने डोळे उघडले. लंडन किती दूर, मध्ये विमाने किती, यातले तिला काही ठाऊक नव्हते.

"आलास?" ती म्हणाली. "गाडी मिळाली ना वेळेवर?"

"मिळाली," मी म्हटले.